मूळ ठाणावरची साय

वर्षातली सर्वांत खोल ओहोटी दुपारी पावणेपाचला असणार होती, आणि सकाळचे अकरा वाजून गेले तरी तिघा भावंडांचे एकमत झाले नव्हते. एकमत न होणे या घराला नवे नव्हते. तराफ्यांच्या पिंपांना कोणता रंग द्यावा, एवढ्यावरून दोघे भाऊ एकदा दीड महिना एकमेकांशी काकूंमार्फत, म्हणजे थोरल्यांच्या पत्नीमार्फत, बोलत होते. परंतु त्या वादांना मुदत नसे, आणि या वादाला होती. कालवांचे मूळ ठाण वर्षातून दोनदाच पुरते उघडे पडे, तेही दीड-पावणेदोन तास. आज ते उचलले नाही तर पुढची संधी सहा महिन्यांनी. आणि सहा महिन्यांनी तेथे उचलण्याजोगे काही उरेल, असे भिंगाला वाटत नव्हते.

भिंग म्हणजे धाकट्या भावाची लेक. लहानपणी गळ्यात भिंग अडकवून ती चार वर्षे हिंडली, तेव्हापासून तिचे खरे नाव शाळेच्या दाखल्यापुरते उरले. आता ती समुद्री जीवांच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती आणि आदल्या संध्याकाळीच घरी आली होती.

बैठक निवडशेडमध्ये भरली होती, कारण घरात थोरले कधी आवाज चढवत नसत आणि आज आवाज चढणार हे सर्वांना ठाऊक होते. जस्ताचा पत्रा ठोकलेले लांब टेबल. त्याच्या कडेला तीन मापांची भोके पाडलेली फळी, जिच्यातून तीन पिढ्यांची कालवे आकारानुसार खालच्या टोपल्यांत पडत आली होती. भिंतीशी रबरी बुटांची रांग. कोपऱ्यात, झाकण ठेवलेला, खाऱ्या पाण्याचा मोठा टब. टेबलाच्या एका टोकाला थोरले, दुसऱ्या टोकाला धाकटे, आणि मध्ये या दोघांच्या मधली बहीण, म्हणजे आत्या, आपली तापमानाची वही घेऊन. थोरल्यांच्या पत्नी, ज्यांना धाकट्यांचे घरही काकूच म्हणे, त्या तेवढ्या उभ्या होत्या. निवडीच्या टेबलाशी त्या पस्तीस वर्षांत बसल्या नव्हत्या; आजही त्यांना बसावेसे वाटले नाही.

"मी पुन्हा सांगतो," थोरले म्हणाले. "आजोबांनी लिहून ठेवलंय. मूळ ठाणाला हात लावायचा तर सगळ्या वारसांनी मिळून. मी मिळत नाही. विषय संपला."

"विषय तुझ्यापुरता संपला," धाकटे म्हणाले. "तिकडे कालवं संपतायत, त्याचं काय?"

मूळ ठाण म्हणजे खाडीच्या डाव्या अंगाचा, दोन तराफ्यांएवढा खडकाळ तळ. खाडीतली पहिली कालवे आजोबांना तेथे सापडली होती, आणि तेथून एकही काढायचे नाही, हे त्यांनी त्याच दिवशी ठरवले होते. त्यांची विचारसरणी सरळ होती: या कालवांनी दर उन्हाळ्यात पाण्यात पिल्ले सोडावीत, त्या पिल्लांनी तराफ्यांच्या दोरांवर जाऊन बसावे, आणि माणसांनी फक्त दोरांवरचे घ्यावे. नव्वद वर्षे ही व्यवस्था चालली. मग तीन वर्षांपूर्वी साय आली.

तिला शास्त्रात लांबलचक नाव होते. ते भिंगाखेरीज कोणी उच्चारत नसे. दूरच्या कुठल्याशा समुद्रातून, एखाद्या बोटीच्या बुडाला चिकटून ती खाडीत शिरली असावी. दुधावर धरावी तशी फिकट पिवळी, मऊ, ओलसर कातडी ती दोरांवर, पिंपांवर, शिंपल्यांवर धरे. पाहणाऱ्याला ती एकसंध वाटे, परंतु ती हजारो सूक्ष्म जीवांची दाट वस्ती होती. तिच्याखाली कालवाला तोंड उघडता येत नसे. पिल्लांना बसायला स्वच्छ शिंपला मिळत नसे. शिंपल्यांच्या फटींत राहणारे बारके मासे आणि बोटाच्या पेराएवढे खेकडे जागा सोडून गेले होते; आणि या पाण्यातल्या कोणत्याही जीवाला ती खाण्याजोगी वाटत नव्हती.

"एक्केचाळीस वर्षं मी सकाळी सहाला पाणी मोजतेय," आत्या वही उघडत म्हणाल्या. "पूर्वी हिवाळ्यात पाच-पाच आठवडे पाणी नऊ अंशांच्या खाली असायचं. गेले चार हिवाळे एक दिवसही अकराच्या खाली गेलं नाही. साय थंडीत गळून पडते, असं भिंग म्हणते. थंडीच आली नाही, तर ती गळणार कशी?"

"म्हणून तर मी खरवडतो. थंडी करत नाही ते मी करतो." थोरल्यांनी टेबलावर तळहात ठेवले. त्या तळहातांवरच्या जुन्या चिरा धुऊन पांढऱ्या पडल्या होत्या. "दर रविवारी. दोन वर्षांत एक रविवार चुकवला नाही. अंगात ताप असताना गेलोय."

"आणि साय कमी झाली?" धाकट्यांनी विचारले.

"नाही झाली. पण खरवडली नसती तर किती झाली असती, ते तू मोजलंयस?"

"न झालेलं कसं मोजणार, दादा?"

"मग न मोजलेलं बोलू नकोस."

धाकट्यांनी आपल्या लेकीकडे पाहिले. तिने टेबलाच्या पत्र्यावरचा एक ओरखडा नखाने पुढे न्यायला सुरुवात केली होती. सांग ना, असे धाकट्यांनी भुवयांनी विचारले. तिने मान हलवली नाही, तेव्हा ते उत्तर नकाराचे आहे हे त्यांना कळले.

आदल्या संध्याकाळी तिने जे सांगितले, ते त्यांच्या डोक्यात रात्रभर फिरत होते. या घरात सहाव्या वर्षी मुलाच्या हाती सुरी येई आणि पहिला धडा खरवडण्याचा नसे, झटकण्याचा असे. दोरावरून जे निघेल आणि कालव नसेल, मग ते शेवाळ असो, किडा असो वा दगडाची पापडी, ते जागच्या जागी पाण्याला परत द्यायचे. समुद्राचे काहीही किनाऱ्यावर नेऊन सडवायचे नाही. त्यासाठी सुरी मनगटातून अशी झटकायची की पाते हवेत बारीक आवाज करील आणि त्याच्यावर कणभरही उरणार नाही. थोरल्यांना ते पहिल्या दिवशी जमले. धाकट्यांना कधीच जमले नाही. ते सुरी तराफ्याच्या कडेला घासत. 'याचा हात गोड्या पाण्याचा आहे,' असे वडील म्हणाले होते, आणि थोरल्यांनी ते वाक्य पुढची पन्नास वर्षे वापरले होते. आणि काल लेकीने सांगितले होते की साय मारली जाते ती कापून नव्हे. कापलेल्या प्रत्येक तुकड्याची नवी साय होते.

पन्नास वर्षांनी हाती आलेले उत्तर तोंडात धरून बसणे धाकट्यांना जड जात होते.

"चहा ठेवलाय," काकू म्हणाल्या. "भांडण कुठे जात नाही. अर्ध्या तासाने परत या."

*

धक्क्याच्या पायऱ्यांवर, जेथून तिसरा तराफा समोर दिसतो, तेथे तिघे कप घेऊन बसली: धाकटे, आत्या आणि भिंग.

"तू बोलत का नाहीस?" धाकट्यांनी विचारले. "काल माझ्यासमोर मोठ्या तावातावाने बोललीस."

"काय बोलली?" आत्यांनी विचारले. त्यांना ठाऊक नव्हते.

भिंगाने सांगितले. तिने तीस बरण्यांत सायीचे तीस तुकडे ठेवले होते, खाडीच्याच पाण्यात. दहा दिवसांत सव्वीस तुकड्यांनी काचेला धरले आणि वाढू लागले. मग तिने ठाणावरच्या सायीचे डाग नकाशावर मांडले. ते कोठेही विखुरलेले नव्हते; ते एका पट्ट्यात होते, आणि तो पट्टा मागे मागे नेला तर तिसऱ्या तराफ्याच्या उजव्या कोपऱ्याशी पोहोचत होता.

त्या कोपऱ्यात दर रविवारी सुरी घेऊन कोण बसते, हे आत्यांना विचारावे लागले नाही. रविवारी सकाळी ओहोटीचे पाणी तेथून निघून सरळ मूळ ठाणावरून वाहते, हेही त्यांनीच एकेकाळी दोरीला बूच बांधून मोजले होते.

"त्याला हे सांगायचं नाही," आत्या म्हणाल्या.

"आत्या, अगं, खरवडणं थांबवायचं असेल तर कारण तर द्यावं लागेल ना!"

"कारण आहे की. पाणी तापलंय. ते खोटं आहे का?"

"खोटं नाही. अपुरं आहे."

"सहासष्टाव्या वर्षी माणसाला अपुरं पुरतं," आत्या म्हणाल्या. "तुझा काका सकाळी उठतो तो त्या ठाणासाठी. मुलगा गेला बोटीवर इंजिनं दुरुस्त करायला, तो फिरकत नाही. गुडघे गेलेत. राहिलंय काय? रविवारची सुरी. आणि तू त्याला सांगणार की दोन वर्षं तू स्वतःच्या हाताने..." त्यांनी वही मांडीवर उलटी ठेवली.

"तो ऐकणार नाही, ताई," धाकटे म्हणाले. "पाणी तापलं म्हटलं की तो म्हणणार, मग आणखी खरवडतो. आता रविवारचं रोज करणार म्हणालाय. तुला तेच हवंय का? मी सांगतो त्याला. आत्ता जातो."

ते उठले. भिंगाने त्यांची बाही धरली.

"बाबा, तुम्ही सांगितलंत तर त्यांना ते भांडण वाटेल. माहिती वाटणार नाही."

"भांडणातून माहिती मिळत नाही का?"

"तुम्हा दोघांना आजपर्यंत मिळाली?"

आत्या हसल्या, हसायचे नसतानाही हसल्या. धाकटे खाली बसले. पायरी ओली होती, हे त्यांच्या ध्यानात उशिरा आले.

म्हणजे पंधरा मिनिटांपूर्वी बापलेक एका बाजूला आणि आत्या दुसऱ्या बाजूला होत्या, ते पालटून आता भाची आणि आत्या एकीकडे झाल्या आणि बाप ओल्या पायरीवर एकटा उरला. परंतु हा मेळही अर्धाच होता. भाचीला सत्य योग्य तोंडून सांगायचे होते. आत्यांना ते मुळीच सांगायचे नव्हते. आणि ओहोटी कोणाच्याही बाजूची नव्हती.

"मी सांगेन," भिंग म्हणाली. "मला फक्त सुरुवात कशी करायची ते सुचत नाहीये. सुरी धरायला मला काकांनीच शिकवलं."

*

शेडमध्ये काकू कप विसळत होत्या आणि थोरले खिडकीतून पायऱ्यांकडे पाहत होते.

"काय कट चाललाय ते बघ," थोरले म्हणाले. "त्या पोरीला बापाने पढवलंय."

"त्या पोरीला पढवता आलं असतं तर ती सहाव्या वर्षी बेडूक घेऊन झोपली नसती," काकू म्हणाल्या.

त्यांनी हात पुसले आणि कोपऱ्यातल्या टबाकडे पाहिले. गेला महिनाभर त्या टबावर झाकण होते आणि त्यावर, कोणी सहज उचलू नये म्हणून, वजनाचा काटा ठेवलेला होता. काकूंनी या प्रकरणी कोणाशी लबाडी केली नव्हती. कोणी विचारले असते तर त्यांनी सांगितले असते. परंतु टबात काय आहे, हे विचारण्याची या घरात रीत नव्हती. टब काकूंचा होता.

आपण गप्प का राहिलो, याचा त्यांनी मधूनमधून विचार केला होता. दया आली म्हणून, असे म्हणणे त्यांना बरे वाटले असते. पण ते संपूर्ण खरे नव्हते. पस्तीस वर्षे त्या कालवे निवडत होत्या आणि निवडणारा माणूस फळीवर ठेवून पाहिल्याशिवाय मापाचे बोलत नाही. त्यांना आधी पाहायचे होते.

मंडळी परत आली आणि आपापल्या जागी बसली. भिंग उभी राहिली.

"काका," ती म्हणाली, "मला साय कशी वाढते ते थोडं सांगायचंय."

"सांग. प्रयोगशाळेत सगळ्यांना सांगतेस, आम्हाला का नाही?"

"ती... म्हणजे ती एक जीव नसते. हजारो असतात. त्यामुळे तिचं जेव्हा..." ती थांबली. धाकट्यांनी श्वास घेतला. आत्यांनी त्यांच्याकडे असे पाहिले की त्यांनी तो सोडून दिला.

"तेव्हा काय?" थोरल्यांनी विचारले.

काकूंनी काटा उचलून खाली ठेवला, झाकण काढले आणि टब भुईवरून टेबलापर्यंत ओढत आणला. खाऱ्या पाण्याचा वास शेडभर झाला.

"बघा," त्या म्हणाल्या.

टबाची एक बाजू काठापासून तळापर्यंत सायीने भरली होती. तळावर ती पसरू लागली होती, आणि विसरून राहिलेल्या एका ब्रशाच्या दांड्यावर चढून तिने खाली टोके सोडली होती.

"हे कुठून आलं?" थोरल्यांनी विचारले.

"तुमच्या बुटावरून. गेल्या महिन्यात तुम्ही तराफ्यावरून आलात, बूट इथे आपटलेत. अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा होता. पाण्यात पडला. मला वाटलं मरेल."

"मग?"

"मग नाही मेला. मग म्हटलं, बघू या."

"महिनाभर बघत होतीस?"

"अहो, आठवडाभर बघितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, आठवड्यावरून काय कळतं!"

थोरल्यांनी हे उत्तर ओळखले; ते त्यांचेच होते.

*

थोरल्यांनी टबात हात घातला. तर्जनीने सायीची कड उचलली, एक तुकडा तोडला आणि तळहातावर ठेवून उजेडाकडे वळवला. दोन वर्षे त्यांनी ही वस्तू पाहिली होती, परंतु ती नेहमी पात्यावर, आणि पात्यावर ती क्षणभरच राहत असे.

"भिंगा," ते म्हणाले, "हा पाण्यात टाकला तर?"

"दहांपैकी आठ-नऊ वेळा जगतो. कुठेतरी धरतो आणि वाढतो. तीस बरण्या केल्या होत्या मी."

"बरण्यांतलं पाणी कुठलं?"

"आपलंच. खाडीचं."

"खाडीत लाटा आहेत. बरणीत नाहीत. लाटेत धरेल कशावरून?"

"ठाणावर डाग आहेत ते एका रांगेत आहेत, काका. नकाशा आणलाय."

"दाखव."

तिने कागद पसरला. थोरल्यांनी चष्मा लावला. त्यांनी दिशेचे विचारले, अंतराचे विचारले, वरच्या अंगाच्या दोन डागांविषयी विचारले, जे रांगेत बसत नव्हते. ते कसे आले हे आपल्याला माहीत नाही, असे तिने सांगितले. त्यावर त्यांनी मान डोलावली. सगळे डाग एका रांगेत बसले असते, तर त्यांना संशय आला असता. मग त्यांनी बोट तिसऱ्या तराफ्याच्या कोपऱ्यावर ठेवले आणि रांगेवरून हळूहळू ठाणापर्यंत नेले. बोट पोहोचल्यावर ते तेथेच राहिले.

त्यांच्या मनात त्या वेळी पश्चात्तापाहून आधी एक फार कोरडी गोष्ट आली: की जो रविवार तापामुळे चुकवायला हवा होता आणि चुकवला नाही, त्या रविवारी पाण्याला विशेष ओढ होती.

"म्हणजे मीच पेरली," ते म्हणाले.

"दादा, पाणी थंड राहिलं असतं ना, तर पेरूनही उगवली नसती," आत्या घाईने म्हणाल्या. "हिवाळ्यात मेली असती. माझ्या वहीत..."

"ते तुझ्या वहीत राहू दे. ते खरं आहे. पण ते माझ्या हातात नव्हतं, आणि हे होतं."

धाकट्यांची वेळ आली होती, हे धाकट्यांसकट सर्वांना समजले. त्यांनी तोंड उघडले, आणि जे वाक्य त्यांनी रात्रभर घासून ठेवले होते ते त्यांना कोठेच सापडेना.

"मीपण झटकत होतोच की," ते म्हणाले. "तुझ्याइतका नाही. मला तेवढं जमलं नाही, एवढंच. निम्मं तर कडेलाच चिकटून वाळायचं."

थोरल्यांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिले.

"पन्नास वर्षांत पहिल्यांदा तुझ्या आळसाचा कुणाला तरी उपयोग झाला," ते म्हणाले.

"नोंद करून ठेव, ताई," धाकटे म्हणाले.

थोरल्यांनी तळहातावरचा तुकडा परत टबात टाकला नाही. तो त्यांनी टेबलाच्या कोरड्या पत्र्यावर ठेवला आणि काकूंकडे पाहिले. "हा इथेच वाळू दे. मेला की मला सांग. तुझ्या पद्धतीने बघ." मग ते भिंगाकडे वळले. "ठाण उचलून न्यायचं कुठे?"

"खाडीच्या तोंडाबाहेर, खोल धारेत. तिथे तळाचं पाणी अजून थंड आहे. आत्याने बाटली सोडून मोजलंय, इथल्यापेक्षा अडीच अंशांनी कमी."

"आणि शिंपल्यावरून साय तिकडे गेली तर? इथली चूक तिथे नेऊन ठेवायची?"

"म्हणून आधी प्रत्येक शिंपला खरवडायचा, पण टबावर, खरवड किनाऱ्यावर न्यायची. मग सहा तास गोड्या पाण्यात. कालव तोंड मिटून बसतं. सायीला मिटायला तोंड नसतं, ती मरते. दोरावरची चाळीस कालवं करून पाहिली, अडतीस जगली."

"गोड्या पाण्यात!" थोरले म्हणाले. या शेडमध्ये कालवाला गोडे पाणी लावणे हे एकेकाळी मार खाण्याचे कारण होते. "आणि तिकडे ती जगतील?"

"माहीत नाही, काका."

"पिल्लं सोडतील?"

"तेही माहीत नाही. इथे सोडणार नाहीत, एवढं माहीत आहे."

थोरल्यांनी घड्याळ पाहिले. एक वाजत आला होता.

"आजोबांनी लिहिलं ते मिळून करायला लिहिलं," ते म्हणाले. "करू नका असं लिहिलेलं नाही. मीच इतकी वर्षं तसं वाचत होतो." ते उठले, आणि उठताना गुडघ्याने आवाज केला. "गोड्या पाण्याच्या टाक्या धाकट्याकडे द्या. त्याचा हात त्याच पाण्याचा आहे."

*

चारला पाच मिनिटे कमी असताना ठाणाचा पहिला खडक वर आला. पाणी त्याच्यावरून असे उतरले की जणू कोणी हलकेच ओढून घेत आहे, आणि खालचे जे उघडे पडले त्याच्यात करडा शिंपला कमी आणि पिवळी साय जास्त होती. आत्यांनी पाणी मोजले: सतरा अंश. त्यांनी तो आकडा लिहिला आणि वही पिशवीत घालून त्याही खाली उतरल्या.

काम बोलण्याजोगे नव्हते. थोरले आणि भिंग शिंपले सोडवून खरवडत; काकू ते हातात घेऊन जड आहे की पोकळ, हे तोलत आणि जिवंत एका टोपलीत, मेलेले दुसरीत टाकत; आत्या टोपल्या होडीशी नेत; धाकटे होडीवर टाक्या भरत. दहांतली सहा जिवंत निघत होती. काकू म्हणाल्या, त्यांना चारच निघतील अशी धास्ती होती. एका मोठ्या शिंपल्याखालून लहानसा, डोळे वर असलेला मासा निघाला आणि कोणाच्या काही ध्यानात येण्याआधी फटीत शिरला. "हा आहे अजून!" थोरले म्हणाले. पाणी परत चढेपर्यंत ते स्वतःहून एवढेच बोलले.

थोरल्यांच्या आणि भिंगाच्या मध्ये खरवडीचा टब होता. थोरले प्रत्येक शिंपला टबावर धरत, पाते खाली ओढत, आणि मग सुरी बाहीला पुसत. पहिल्या तासातच त्यांची बाही कोपरापर्यंत पिवळी झाली.

साडेपाचला भरतीचे पाणी परत चढू लागले. ठाणाचा अर्धा कोपरा अजून राहिला होता. धाकट्यांनी होडीवरून हाक मारली, आत्यांनी टोपली आदळून ठेवली, सगळ्यांचे हात वेगाने चालू लागले. पाणी भिंगाच्या बुटांना लागले, मग घोट्याला. तिने एक शिंपला सोडवला, पाते ओढले. सायीची पट्टी अखंड, स्वच्छ निघाली. टब डाव्या हाताला होता. पाणी उजव्या हाताला होते. मनगट वळले.

पात्याचा बारीक आवाज तिने आधी ऐकला आणि तो आपल्या सुरीचा आहे हे तिला नंतर समजले. पट्टी चार हातांवर पाण्यात पडली.

थोरल्यांनी निवडीची चाळण उचलली आणि ते पाण्यात उतरले. मांडीपर्यंत गेले, वाकले, चाळण तळाशी धरून हळू वर काढली. नव्हती. पुन्हा काढली. नव्हती. तिसऱ्या वेळी ती चाळणीच्या जाळीला चिकटलेली होती. ते परत आले आणि त्यांनी ती बोटाने काढून टबात टाकली.

"काका, मला माहीत असून मी..."

"मीच शिकवलंय तुला," ते म्हणाले. "तुझ्या बापाला जमेना म्हणून तुला शिकवलं. चांगलं बसलंय."

त्यांनी तिच्या हातून सुरी घेतली, पाते आपल्या बाहीला एकीकडून पुसले, उलटे करून दुसरीकडून पुसले, आणि मुठीकडून तिला परत दिली.

"असं. कर बघू."

तिने पुढचा शिंपला सोडवला, टबावर धरला, खरवडला आणि सुरी आपल्या बाहीला पुसली.

"पुन्हा," थोरले म्हणाले. सहाव्या वर्षी म्हणाले होते त्याच आवाजात म्हणाले. पाणी तोवर पोटऱ्यांना लागले होते आणि कोपऱ्यात नऊ-दहा कालवे उरली होती. तिने पुढचे उचलले.